मुलाची कॅनडाची सिटिझनशिप: फॉर्म भरायच्या आधी सांगलीचा जन्मदाखला बघा

प्रश्न: ताई, आम्ही ब्रॅम्प्टनला राहतो, मूळचे सांगलीकडचे. मिस्टरांना गेल्या वर्षी कॅनडाची सिटिझनशिप मिळाली. मी घेतलेली नाही आणि इतक्यात घ्यायचीही नाही, माझे आईवडील तिकडे एकटे आहेत. मुलगा ९ वर्षांचा, जन्म सांगलीचा, पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) आमच्यासोबतच झाला, मध्ये दीड वर्ष आजीकडे राहून तिथल्या शाळेत गेला. मिस्टर म्हणतात आता त्याचा अर्ज लगेच टाकून मोकळं होऊ. पण जन्मदाखल्यावर त्याचं नावच नाहीये, नुसतं 'पुरुष' आणि तारीख. पीआरच्या वेळी एजंटने ॲफिडेव्हिट लावून भागवलं होतं. आईच्या खान्यात माझं माहेरचं नाव आहे, आणि लग्नात माझं पहिलं नावही बदललं. दाखला फक्त मराठीत. कोण म्हणतं मंत्रालयातून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून आणा, कोण म्हणतं मुलाचे दिवसच भरत नाहीत. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे, सगळे जाणार आहोत. शिवाय सासऱ्यांची तासगावला द्राक्षबाग आहे, मुलगा कॅनडाचा झाला की त्याचा त्यावरचा हक्क जाईल का ही धाकधूक. काय काय कागद लागतात ते नीट सांगाल का? – एक आई, ब्रॅम्प्टन

उत्तर:

ताई, तुमच्या मुलाचा अर्ज होण्यासारखा आहे, त्याची काळजी करू नका, पण लगेच टाकायची घाई नको असं मिस्टरांना माझ्यातर्फे सांगा. डिसेंबरमध्ये लग्नाला जाऊन या, त्याच मुक्कामात जन्मदाखल्याचं काम उरका आणि परत आलात की जानेवारीत अर्ज टाका. मूल ९ वर्षांचं आहे, १८ व्हायच्या आत अर्ज गेला म्हणजे झालं, त्यामुळे दोनचार महिने थांबल्याने काहीही बिघडत नाही आणि घाई केली तर मात्र बरंच बिघडू शकतं, ते कसं ते पुढे सांगते.

आधी त्या दिवसांच्या हिशोबाचं, कारण त्यानेच लोक सगळ्यात जास्त घाबरवतात. पाच वर्षांत १०९५ दिवस कॅनडात राहिलेलं असणं ही अट मोठ्यांना आहे, आणि ज्या मुलांचे आईवडील दोघंही सिटिझन नाहीत आणि मूल एकटंच अर्ज करतंय त्यांना आहे. तुमचं तसं नाही. तुमच्या मुलाचा अर्ज कॅनडाच्या सिटिझनशिप ॲक्टच्या कलम ५(२) खाली जातो, त्यात मूल १८ च्या खाली पाहिजे, पीआर पाहिजे आणि आई किंवा वडील यातलं कोणीतरी एक सिटिझन पाहिजे, बस्स. एक पालक पुरतो. म्हणजे तुम्ही भारतीय राहिलात म्हणून त्याचं काही अडत नाही, आणि तो दीड वर्ष आजीकडे होता तेही इथे मोजत नाहीत. परीक्षा नाही, भाषेचा पुरावा नाही (तो १८ ते ५४ वयाच्यांनाच), शपथही १४ वर्षांपासून पुढच्यांना, त्यामुळे तुमच्या लेकाला समारंभातही उभं राहावं लागणार नाही.

फक्त पीआर शाबूत पाहिजे. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात, आणि तुमचा मुलगा दीडच वर्ष बाहेर होता म्हणजे तो प्रश्न यायला नको. पीआर कार्डाची तारीख संपली म्हणून सिटिझनशिपचा अर्ज अडत नाही, स्टेटस असलं की पुरे. पण डिसेंबरहून परत विमानात बसायला चालू कार्ड लागेल, तेवढी तारीख आजच कपाटातून काढून बघा.

आता कागद. फॉर्म आहे सीआयटी ०००३, त्याच्यासोबत चेकलिस्ट सीआयटी ०००८, दोन्ही आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवरून ज्या दिवशी भरायला बसाल त्या दिवशीच नवीन उतरवून घ्या, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली जुनी पीडीएफ भरू नका, आवृत्ती जुनी असली तर अख्खं पाकीट परत येतं. त्या चेकलिस्टमध्ये बाकी बरंच आहे पण ऑफिसरच्या नजरेने बघितलं तर त्याला तीनच गोष्टींची खात्री पाहिजे असते: हे मूल कोण, ते पीआर आहे का, आणि ज्या सिटिझनच्या जोरावर अर्ज केलाय तो खरोखर त्याचा बाप आहे का. प्रत्येक कागद हातात घेतला की हा या तिघांतलं काय सिद्ध करतो असं स्वतःला विचारा, म्हणजे काय महत्त्वाचं आणि कशासाठी उगाच जीव आटवायचा नाही ते आपोआप कळतं.

बाप सिटिझन असल्याचा पुरावा म्हणजे मिस्टरांचं सिटिझनशिप सर्टिफिकेट, कागदी असेल तर दोन्ही बाजूंची कॉपी, ई-सर्टिफिकेट असेल तर त्याची प्रिंट. कॅनडाचा पासपोर्ट आहे की, तो लावतो, असं करू नका, सर्टिफिकेटच लावा. पीआरसाठी मुलाच्या कार्डाच्या दोन्ही बाजू आणि लँडिंगच्या वेळी मिळालेला कन्फर्मेशन ऑफ परमनंट रेसिडन्सचा कागद. पासपोर्टची फोटो असलेली पानं, आणि इथे लक्ष द्या, लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो म्हणजे तुमच्या मुलाचे आत्तापर्यंत दोन झाले असतील, तर जुना आणि नवा दोन्हींची कॉपी काढा. मी तर म्हणेन भारतीय पासपोर्टचं शेवटचं पानही लावा, त्यावर आईवडिलांची नावं छापलेली असतात. ते कोणी मागत नाही, पण तुमच्यासारख्या केसमध्ये, जिथे नावांचा घोळ आहे, तिथे ते पान कामाला येतं.

आणि तो बाप या मुलाचाच, याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. तुमची खरी गाठ इथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाखल्यावर मुलाचं नावच नसेल तर तो दाखला एवढंच सांगतो की अमुक तारखेला या दोघांना एक मुलगा झाला. तो मुलगा हाच, हे त्यातून दिसत नाही. पीआरला ॲफिडेव्हिटवर भागलं म्हणून दरवेळी भागेल असं धरून चालू नका, कारण हा दाखला फक्त आत्ताच्या अर्जाला लागणार नाहीये, पुढे कॅनडाच्या पासपोर्टला, मग ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते कार्ड), आणि मोठा झाल्यावर त्याच्या स्वतःच्या कुठल्या कुठल्या कामाला तो लागतच राहणार आहे, दर वेळी नवीन ॲफिडेव्हिट करत बसण्यापेक्षा एकदाच मुळात दुरुस्त करावा हे माझं ठाम मत आहे. आपल्याकडे हे फार घरांत होतं हो, बारसं व्हायच्या आधी हॉस्पिटल नोंद पाठवून देतं आणि नंतर नाव घालायला कोणी फिरकतच नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, त्याच्या कलम १४ मध्ये नाव नंतर घालायची सोय आहे. पहिल्या १२ महिन्यांत फुकट, त्यानंतर थोडी लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. तुमचा मुलगा ९ चा, म्हणजे मुदत आहे. जिथे जन्म नोंदवला तिथेच हे होतं, जन्म सांगली शहरातला असेल तर सांगली मिरज कुपवाड महापालिकेचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, आजूबाजूच्या गावातला असेल तर ती ग्रामपंचायत. वडिलांना किंवा भावाला आत्ताच एक चक्कर मारायला सांगा, अर्जासोबत काय काय लागतं, आईवडील दोघांची सही लागते का, एवढं विचारून ठेवलं की तुमचे लग्नघरातले दिवस वाया जाणार नाहीत.

नाव घालताना एक गोष्ट जिवापाड सांभाळा. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्ट आणि पीआर कार्डावर आहे अगदी तसंच्या तसं घाला, एका अक्षराचाही फरक नको. श असेल तर एच आहे का, आडनावात व्ही आहे का डब्ल्यू, शेवटी ए एक का दोन, हे तिथल्या क्लार्कच्या अंदाजावर सोडू नका. पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवा आणि सही करायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचून घ्या. एकदा घातलेलं नाव नंतर बदलणं हा वेगळाच आणि लांबलचक मामला आहे. आणि बापाचं नाव जोडायचं की नाही हेही बघा, आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच खान्यात येतं, कॅनडावाले ते दोन्ही मिळून पहिलं नाव धरतात, शाळेत मात्र नुसतं मुलाचं नाव लावलेलं असतं. दाखल्यावर वडिलांसाठी वेगळा खाना असतोच, त्यामुळे तिथे मुलाचं नुसतं नाव आलं तरी हरकत नाही, फक्त फॉर्म भरताना मात्र पीआर कार्डावर जसं आहे तसंच पूर्ण लिहा.

मिस्टरांचं नाव दाखल्यावर कसं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. ते मला तुमच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण अर्ज त्यांच्या जोरावर आहे. त्यांच्या सिटिझनशिप सर्टिफिकेटवरचं नाव आणि दाखल्यातलं वडिलांचं नाव शेजारी ठेवून बघा. घरचं नाव एक आणि शाळेचं एक असं असेल, किंवा 'राव' 'साहेब' असं काही पुढे जोडलं गेलं असेल, तर त्याची दुरुस्तीही याच खेपेत मागा, कलम १५ खाली निबंधकाला चुकीची नोंद दुरुस्त करता येते, मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती करतात.

तुमच्या नावाचं सांगते. माहेरी बाळंतपण, हॉस्पिटलच्या केसपेपरवर माहेरचं नाव, तेच नोंदीत गेलं. ही खरं तर चूक नाहीच, ती तुम्हीच आहात आणि लग्नाआधीचं ते नाव तुमचंच होतं, म्हणून निबंधक दुरुस्तीला नाही म्हणाले तर त्यांच्याशी भांडत दिवस घालवू नका. लग्नाचा दाखला घ्या, त्यावर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं असतील तर निम्मं काम तिथेच झालं. पहिलं नाव बदलल्याचं राजपत्रात छापून घेतलं होतं का? घेतलं असेल तर त्याची प्रत, नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती मीच असं नोटरी केलेलं ॲफिडेव्हिट आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला. सिटिझनशिपच्या अर्जात हे सगळं फक्त आधार म्हणून जाईल, पण ओसीआयच्या वेळी हेच कागद पुन्हा काढावे लागणार आहेत म्हणून एका फाइलमध्ये ठेवा.

आता भाषांतर. नाव घालून नवीन दाखला घेताना मराठी-इंग्रजी दोन्हींतला मागा, हल्ली तसाच मिळतो, म्हणजे भाषांतराचा प्रश्नच मिटला. एखादा कागद फक्त मराठीत राहिलाच, शाळा सोडल्याचा दाखला बहुधा तसा असतो, तर त्याचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्रही, सर्टिफाइड ट्रान्सलेटर असेल तर शपथपत्राची गरज नाही. आणि हे घरच्या कोणी करायचं नाही बरं का, आत्या इंग्रजीची प्राध्यापिका असली तरी चालत नाही, आईवडील, भावंडं, काका-मामा, चुलतभाऊ, सगळे बाद.

अपोस्टिलसाठी मंत्रालयाच्या वाऱ्या करू नका. या अर्जाला भारतातल्या जन्मदाखल्यावर अपोस्टिल मागत नाहीत, स्वच्छ कलर झेरॉक्स किंवा स्कॅन पुरतो. मूळ कागद पाकिटात घालूच नका, नंतर कधी बघायला बोलावलं तर तेव्हा दाखवायचे.

राहिलं काय, मुलाची ओळख पटवणारे दोन कागद. मुलांकडे कुठलं लायसन्स असणार, म्हणून शाळेचं रिपोर्ट कार्ड आणि ओहिप कार्ड (ओंटारिओचं हेल्थ कार्ड) द्या. ओंटारिओत साडेपंधराच्या खालच्या मुलांच्या हेल्थ कार्डावर फोटो नसतो, तरी घाबरू नका, पासपोर्टवरचा फोटो आहेच. रिपोर्ट कार्डावरचं नाव पूर्ण आहे का ते बघा, शाळेत लाडाचं नाव लावलं असेल तर ऑफिसमधून पूर्ण नावाचं पत्र मागून घ्या. फोटो ५० बाय ७० मिलिमीटरचे, भारतातल्या पासपोर्ट साइजचे चालत नाहीत, म्हणून ते लग्नात काढून आणू नका, इथेच काढा. कागदी अर्ज असेल तर दोन फोटो, मागे नाव आणि जन्मतारीख. फी मुलाची १०० डॉलर, मोठ्यांना वरून जी राइट ऑफ सिटिझनशिप फी लागते ती मुलांना नाही. पावतीची प्रिंट सोबत लावायची. फॉर्मवर सही मिस्टर करतील, मूल १४ किंवा त्यावर असतं तर त्याचीही लागली असती. ज्यांचा घटस्फोट झालाय किंवा मूल दत्तक आहे त्यांना कोर्टाचे कागद वेगळे लागतात, तुम्हाला त्यात शिरायचं कारण नाही.

आता तुमच्या मनातला घोर. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आपल्या नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं संपतं, त्यामुळे मुलाला कॅनडाचं मिळालं की त्याचा भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआय कार्ड. यावर दोघांनी शांतपणे बसून बोला. तुम्ही स्वतः भारतीय राहायचं ठरवलंय त्यामागे तुमचे आईवडील आहेत, ते कारण मोठं आहे, आणि मुलाच्या बाबतीत तुम्हाला थोडं थांबावंसं वाटत असेल तर ते बोलून दाखवा, मिस्टरांच्या घाईत दबून जाऊ नका. तो पीआरवर इथे शिकू शकतो, राहू शकतो. पण वयाच्या १८ नंतर हा सोपा रस्ता बंद होतो आणि मग त्याला मोठ्यांसारखे १०९५ दिवस मोजत बसावं लागेल, हेही समोर ठेवा. माझ्या मते तो इथेच वाढणार असेल तर सिटिझनशिप घ्यावी.

द्राक्षबागेचं म्हणाल तर ओसीआय असलेल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि कोणी बक्षीसपत्राने दिली तरी घेता येत नाही, पण वारसाने आलेली घेता येते. म्हणजे आजोबांची बाग वारसाहक्काने नातवापर्यंत आली तर सातबाऱ्यावर त्याचं नाव लागायला अडचण नाही, फक्त पुढे ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. आणि मिस्टर आता कॅनडाचे नागरिक आहेत म्हणजे हे सगळं त्यांनाही आजपासूनच लागू आहे, तेव्हा सासऱ्यांनी प्रेमापोटी बक्षीसपत्र करायचं काढलं असेल तर आधी वकिलाला विचारा. दुसरी एक गोष्ट बऱ्याच आयांना उशिरा कळते: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट, जेईईसारख्या प्रवेशांत एनआरआय धरतात, साध्या जागांवर त्यांना हक्क नाही. पुढेमागे त्याने मिरजेला मेडिकलला जावं असं कोणाच्या मनात असेल तर हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

आणि डिसेंबरच्या आधी अर्ज का नको ते आता सांगते. १४ च्या खालच्या मुलाला शपथ नाही, म्हणजे मंजुरी कुठल्याही दिवशी येऊ शकते, तुम्ही लग्नात असाल आणि इकडे त्याचं सर्टिफिकेट निघालेलं असेल असंही होऊ शकतं. तो त्या दिवसापासून कॅनडाचा, मग भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, पीआर कार्ड उपयोगाचं नाही, कॅनडाचा पासपोर्ट अजून काढलेला नाही, आणि लेकरू सांगलीत. जायच्या आधीच मंजुरी आली तरी धावपळच, पासपोर्ट काढा, त्याला दोन्ही पालकांच्या सह्या आणि गॅरंटर (ओळखीची खात्री देणारा माणूस) लागतो, मग सरेंडर, मग ओसीआय किंवा निदान व्हिसा, आणि तोपर्यंत मामाची हळद उरकून गेलेली असेल. लग्नाला तो त्याच्या आत्ताच्या पासपोर्टवर आणि पीआर कार्डावर सुखाने जाऊन येईल.

जाताना बॅगेत तुमचा लग्नाचा दाखला, राजपत्राची प्रत असेल तर ती, मुलाचे दोन्ही पासपोर्ट, पीआर कार्ड, मिस्टरांच्या सिटिझनशिप सर्टिफिकेटची कॉपी आणि जुना जन्मदाखला एवढं ठेवा. महापालिकेचं काम पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करा, नाताळच्या सुट्टीवर ढकलू नका, आणि नवीन दाखला निघाला की एकच घेऊन येऊ नका, तीनचार प्रती मागा, फी थोडीशीच असते, त्यातली एक आईकडे सांगलीत ठेवा.